गूळ कोणी द्यायचा

मी कॉलेजात नेमकं काय शिकते, हे आमच्या गावात कोणालाच नीट सांगता आलं नाही. मलाही नाही. बारावीनंतर गावातल्या मुली एक तर डी.एड.ला जायच्या, नाही तर सासरी. मी गुन्हेशास्त्र आणि कायदा अशा जोडपदवीला नाव घातलं. पाच वर्षं एकीकडे कायद्याची कलमं पाठ करायची आणि दुसरीकडे माणूस मुळात गुन्हा करतोच का, याचा विचार करायचा. गावानं त्याचं सोपं करून टाकलं. “पोर गुन्हेगारीचं शिकतं.” विहिरीवर बायका आईला विचारायच्या, “मंग पुढं काय करल गो ती?” आई वैतागून म्हणायची, “काय पण करू दे, आमच्या घरात चोरी नाय केली म्हणजे झालं.” एसटीच्या स्टॉपवरचा टपरीवाला तर माझी बॅग दिसली की हमखास बोलायचा, “गुन्हेगारी शिकाया फी कशाला भरतेस? मुरबाडच्या स्टँडवर चार दिस उभी राहा, फुकट शिकशील.” मला तेव्हा राग फार लवकर यायचा. आताही येतो, फक्त आता तो कशाकशावर काढून उपयोग नाही ते कळतं.

आमचं गाव माळशेजच्या रस्त्याला, वैशाखऱ्याच्या अलीकडे. मुरबाडला रेल्वे नाही, कॉलेज रेल्वेच्या गावात. म्हणून मी शहापूरला मावशीकडे राहून लोकलनं कॉलेजला जायची आणि शनिवारी किन्हवली-सरळगावच्या एसटीनं घरी यायची. पुस्तकं सगळी इंग्रजी. मराठी शाळेतून आलेल्या मला एक पान वाचायला डिक्शनरी मांडीवर घ्यावी लागायची. त्यात पहिल्याच वर्षी एक जुना सिद्धान्त होता, की गुन्हेगार माणूस जबड्यावरून आणि कपाळावरून ओळखता येतो. त्या वर्णनात माझा थोरला मामा चपखल बसत होता, आणि मामा शाळामास्तर होता. हे मी वर्गात बोलून दाखवलं तेव्हा सगळे हसले. गुन्हेशास्त्राचे सरही हसले. ते मनानं चांगले होते. म्हणाले, “तो सिद्धान्त आता कोणी मानत नाही. आता आपण माणसाचं ऐकून घेतो.” मला ते वाक्य फार आवडलं होतं. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या पोटाला एक वाडी आहे. तिथल्या एका म्हाताऱ्याला आम्ही सगळी भावंडं बाबा म्हणायचो. त्याचं घर आणि आमचं घर कधीपासून जोडलेलं होतं, ते कोणालाच आठवत नव्हतं. आवणीला, म्हणजे भातलावणीला, त्याच्या घरची माणसं आमच्या खाचरात, आमच्या घरचं लग्न असलं की मांडव त्याच्या हातचा. येताना कधी करवंदं आणायचा, कधी कडूकंद, आणि आईला बजावायचा, “नीट उकड गो, नाय तर घसा धरंल.” मी लहान असताना म्हसा गावच्या जत्रेत त्यानं मला खांद्यावर बसवून बैल दाखवले होते. मोठी झाले तरी मला बघितलं की त्याचा पहिला प्रश्न एकच असायचा, “जेवलीस का गो बाय?”

त्या वाडीत भांडण मिटवायची एक रीत होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. वाडीतल्या कोणाकडून कोणाचं नुकसान झालं, गुरं शेतात शिरली, कोणी कोणाचं लाकूड नेलं, की सगळे एका जागी बसत. ज्या घरावर बोट आलं त्या घरातला मोठा माणूस उभा राहायचा आणि म्हणायचा, “आमचं चुकलं.” खरं कोणी केलं, कसं केलं, ते कोणी खोदून विचारायचं नाही. मोठ्या माणसानं उभं राहून म्हटलं, म्हणजे झालं. मग ज्याचं नुकसान झालं तो उठायचा, “झालं ते झालं” म्हणायचा आणि त्या मोठ्या माणसाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गूळ खाल्ला, वर पाणी प्यायलं, की विषय संपला. त्यानंतर त्या गोष्टीचं नाव काढणारा माणूस हलका समजला जाई. गूळ मिळेपर्यंत मात्र चुकलेल्या घरानं समोरच्या घरचं पाणी प्यायचं नाही. आमच्या शेतकऱ्यांच्या गावालाही ही रीत माहीत होती. वाडीचं आणि आमचं काही बिनसलं तर ते असंच मिटायचं.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. भाताच्या कापणीनंतर माझ्या काकानं ओढ्याकाठी भेंडी लावली होती. वडिलांचा हा धाकटा भाऊ. घर वेगळं, पण अंगण एक. पाण्यासाठी त्यानं ओढ्यावर झोपडी घालून तिच्यात इलेक्ट्रिक मोटार बसवली होती आणि त्या मोटारीचं त्याला नव्या सुनेसारखं कौतुक होतं. एका सकाळी तो गेला तर झोपडीचं कुलूप तुटलेलं आणि मोटार नाही. कोणीतरी म्हणालं, आदल्या दिवशी वाडीवरची माणसं ओढ्याला खेकडे पकडत होती. काका तापट, आमच्या घरात ते रक्तातच आहे. तो वाडीवर बसायला न जाता सरळ पोलिसात गेला. आजवर गावातलं कोणी वाडीविरुद्ध पोलिसात गेलं नव्हतं. काकाच्या मनात एवढंच होतं, की साहेब जीप घेऊन वर जातील, दोन शब्द बोलतील, आणि भ्यालेला चोर मोटार आणून ठेवील.

जीप वर गेली. घरं बघितली, मोटार नव्हती. साहेबांनी वाडीतल्या तरण्या पोरांना सांगितलं, चौकशीला ठाण्यावर चला. बायका रडायला लागल्या. तेव्हा बाबा उठला, पागोटं नीट केलं आणि साहेबांपुढे हात जोडून म्हणाला, “आमचं चुकलं.”

तो जन्मभर जसं म्हणत आला तसंच म्हणाला. साहेबांनी त्याला जीपमध्ये घेतलं. बाबाला वाटलं, खाली गावात काकासमोर बसवायला नेतायत. तो वाडीवाल्यांना सांगून निघाला होता, “येतो मी गूळ खाऊन.”

मला हे दोन दिवसांनी शहापूरला कळलं. वडिलांनी मुरबाडहून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे निरोप दिला होता, “पोरीला सांगा, बाबाला आत घातलाय, तू कायद्याचं शिकतेस तर ये.” मावशीच्या दारात उभं राहून कंडक्टरनं तो निरोप शब्द न शब्द सांगितला. ऐकून मला आधी धक्का बसला आणि लगेच, खोटं कशाला सांगू, थोडा आनंदही झाला. कारण त्याच आठवड्यात आम्हाला पुरावा कायदा शिकवत होते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. मला ते कलम तोंडपाठ होतं. मोटार सापडलेली नाही, बघणारा साक्षीदार नाही, आणि कबुली चालत नाही. मग उरतं काय? काहीच नाही. किन्हवलीच्या रस्त्याला एसटी खड्ड्यांतून उड्या मारत होती आणि मी खिडकीशी बसून मनातल्या मनात बाबाला सोडवून आणत होते.

घरी आले तर काका अंगणात बसलेला. त्याचा राग उतरला होता आणि तोंड सुकलं होतं. “बाबा कशाला नेईल मोटार?” तो म्हणाला. “त्याला बटन पण दाबता येत नाय. मला ती परत नको. जा, सांग त्यांना, मी मिटवून टाकतो.”

मी पुस्तक उघडलं. कोणते गुन्हे तडजोडीनं मिटवता येतात, त्याचा तक्ता आमच्या पुस्तकात होता. चोरीसुद्धा होती त्यात, कोर्टाच्या परवानगीनं, पण चोरीला गेलेला माल अडीचशे रुपयांच्या आतला असेल तरच. मोटार काही अडीचशे रुपयांना येत नव्हती. मी काकाला म्हटलं, “आता तुझ्या हातात नाही. हा खटला सरकार विरुद्ध बाबा असा आहे.”

“माझी मोटार,” काका उसळून म्हणाला, “आणि सरकार मधीच कुठनं आला?”

याचं उत्तर माझ्या पुस्तकात होतं. गुन्हा हा एका माणसाविरुद्ध नसतो, तो सगळ्या समाजाविरुद्ध असतो. पहिल्या वर्षीच शिकवलेलं. मी ते काकाला सांगितलंही. काकानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग समाज कुठंय? मला भेटव. मी त्याच्या पाया पडतो.” मी पुस्तक मिटलं.

जामीन मंजूर झाला होता, पण जामीन राहायला नावावर जमीन असलेला माणूस हवा. वाडीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जे पिकवत होती ते वनखात्याच्या जागेत, त्यामुळे सातबारा कोणाकडेच नाही. वडील म्हणाले, मी राहतो. पण आमचा सातबारा काकाबरोबर सामाईक, आणि काका फिर्यादी. वडील तो उतारा घेऊन दोनदा मुरबाडला जाऊन आले आणि दोन्ही वेळा मान हलवत परतले. गावातला दुसरा कोणी पुढे आला नाही. जो तो आपापल्या घरात दुसऱ्याची चूक काढत बसला. बाबा कल्याणच्या जेलात राहिला.

तारखेच्या दिवशी त्याला मुरबाडला आणलं तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होते. सरकारी खर्चानं त्याला एक वकील मिळाले होते. तरुण होते, घाईत होते, पण बिचारे माझं सगळं ऐकून घेत. त्यांनी सांगितलं, “तुम्हीच समजवा. माझं बोलणं त्यांच्या डोक्यात शिरत नाही. ‘गुन्हा कबूल नाही’ एवढंच म्हणायचं. बाकी माझ्यावर सोडा.”

बाबा भिंतीला टेकून बसला होता. दोन बाजूंना दोन शिपाई. मला बघून त्याचा चेहरा खुलला. “जेवलीस का गो बाय?”

मी खाली बसले आणि एक एक शब्द सोपा करत सांगितलं. पोलिसांपुढे तू जे बोललास ते कोर्टात धरत नाहीत. ते बोललंच नाही असं समजतात. आता आत गेलास की साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का. तू म्हणायचं, नाही.

बाबानं विचारलं, “बोललो ता धरत नाय?”

“नाही. कायदाच आहे तसा. तुझ्या भल्यासाठीच आहे.”

“मी बोललो ना गो,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण दुखावलेला होता. “चार मान्सांत उभा राहून बोललो. आन त्ये धरत नाय? मी काय दारू पिऊन बोललो व्हतो?”

ज्या कलमाच्या जिवावर मी शहापूरहून धावत आले होते, ते ऐकून त्याला वाटलं, आपल्या शब्दाला किंमत नाही असं ही पोर सांगतेय. मी पुन्हा समजावलं. मी म्हटलं, तू मोटार नेली नाहीस, मग खोटं का बोलायचं? तो म्हणाला, “मी नेली असा कवा बोललो? आमचं चुकलं बोललो.” मी म्हटलं, इथे त्या दोन्हींचा अर्थ एकच होतो. त्याला ते पटलं नाही, पण माझी दया आली असावी. शेवटी मान हलवून म्हणाला, “बरा, तू बोलतेस तर बोलतो नाय.” मला हायसं वाटलं. मी त्याच्या पागोट्याचा सुटलेला शेव आत खोचला.

आत मी मागच्या बाकावर बसले. काकाही आला होता, माझ्यापासून लांब, दाराजवळ. बाबाला पिंजऱ्यात उभं केलं. आरोप वाचून दाखवला. न्यायाधीश मध्यम वयाचे, सौम्य होते. त्यांनी मराठीतच, सावकाश विचारलं, “तुम्हाला गुन्हा कबूल आहे का?”

बाबानं आधी त्यांच्याकडे बघितलं. मग वळून सगळ्या खोलीकडे बघितलं. इतकी माणसं बसलेली. सगळ्यांच्या वर एक मोठा माणूस बसलेला. काका दाराशी बसलेला. ही बैठकच होती की! असं बसलेलं असताना पिंजऱ्यात उभं राहून “नाही” म्हणायचं, म्हणजे काकाला चार माणसांत खोटं पाडायचं, आणि बोट फिरून वाडीतल्या पोरांकडे वळवायचं. मागच्या बाकावरून त्याची पाठ दिसत होती, आणि ती ताठ झाली तेव्हाच मला कळलं.

“आमचं चुकलं, साहेब,” बाबा म्हणाला.

वकील झटकन उठले, काही बोलले. न्यायाधीशांनी त्यांचं ऐकलं आणि बाबाला पुन्हा विचारलं, “कोणाच्या दबावाखाली बोलताय का? कोणी शिकवलंय? कबूल केलंत तर शिक्षा होईल, समजतंय ना?”

“कोन शिकवल, साहेब? मी वाडीत मोठा हाय.”

“मोटार तुम्ही नेलीत?”

“मी उभा हाय ना, साहेब,” बाबा म्हणाला.

याचा अर्थ त्या खोलीत फक्त दोघांना कळला, काकाला आणि मला. मी उठून उभी राहिले. काय बोलणार होते ते मला आज आठवत नाही. “साहेब” एवढं तोंडातून बाहेर पडलं. पट्टेवाल्यानं वळून विचारलं, “तुम्ही कोण?” मी म्हटलं, “मी कायद्याची विद्यार्थिनी आहे.” तो म्हणाला, “बसा खाली.” मी बसले. न सनद, न काळा कोट, आरोपीशी न रक्ताचं नातं. मी त्या खोलीत कोणीच नव्हते, आणि न्यायाधीशांचंही काही चुकलं नव्हतं. त्यांनी जितकं विचारायला हवं होतं त्याहून जास्त विचारलं होतं.

सहा महिने. निकाल ऐकूनही बाबा पिंजऱ्यातून हलला नाही. तो काकाकडे बघत होता. मान किंचित पुढे, उजवा हात थोडा वर. गुळाची वाट बघत होता. काका उठला, दोन पावलं पुढे आला आणि पट्टेवाल्यानं त्यालाही मागे सारलं. पुढच्या खटल्याचा पुकारा झाला. बाबाला बाहेर नेताना तो माझ्याजवळून गेला आणि मला समजावल्यासारखं म्हणाला, “देतील गो. आजून टायम हाय.”

त्या वर्षी आवणीला वाडीवरून आमच्याकडे कोणी आलं नाही. रागानं नव्हे. गूळ झाला नव्हता, म्हणून. आम्ही घरातलीच माणसं चिखलात उतरलो. काका दिवसभर वाकून लावणी करायचा.

पावसाळा संपत आला तेव्हा कॉलेजची अभ्याससहल निघाली. गुन्हेशास्त्राच्या वर्गाला दर वर्षी एक जेल दाखवायचे, आणि आमच्या वाट्याला कल्याणचं आलं. सरांनी प्रत्येकाला प्रश्नावली दिली होती. एका कैद्याशी बोलायचं आणि गुन्ह्याची कारणं शोधायची. बसमध्ये सगळे डबे उघडून खात होते, कोणी गाण्याच्या भेंड्या लावल्या होत्या. मी सरांना जाऊन सांगितलं की आत माझ्या ओळखीचा माणूस आहे. त्यांना वाटलं मी घाबरले. “उलट चांगलं,” ते म्हणाले. “ओळखीचा माणूस मोकळा बोलेल.”

बाबाला आणलं तेव्हा पागोटं नव्हतं. त्याचं डोकं मी आयुष्यात पहिल्यांदा उघडं बघितलं. इतकं लहान होतं ते! त्यानं विचारलं, “जेवलीस का गो बाय?” सर शेजारी उभे होते, म्हणून मी प्रश्न वाचू लागले. लहानपणी आईवडिलांचं छत्र होतं का? घरात आणखी कोणाला शिक्षा झाली आहे का? व्यसन? शिक्षण? बाबा प्रत्येक प्रश्नाचं नीट विचार करून उत्तर देत होता, जणू मी त्याच्याकडून काही मागायला आलेय आणि मला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. शेवटचा प्रश्न होता, गुन्हा का केला.

“केला नाय गो,” तो म्हणाला. “तुला ठाव हाय ना. मी निसता उभा राह्यलो.”

बाहेर आल्यावर सरांनी माझा कागद वाचला. मी त्यांना सगळं सांगितलं, मोटार, वाडी, गूळ, कोर्ट. त्यांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, “तुझी भावना मी समजू शकतो. पण कोर्टापुढे स्वतः कबूल केलंय त्यानं. आणि शिक्षा झाल्यावर बहुतेक कैदी हेच म्हणतात, मी केलं नाही. यावर स्वतंत्र प्रकरण आहे, वाच.” मी वाचलं. होतं खरंच. ‘नाही’ म्हणायचं तिथे तो ‘हो’ म्हणाला, म्हणून गुन्हेगार ठरला. आणि आता ‘नाही’ म्हणाला, तर तेही गुन्हेगाराचंच लक्षण ठरलं. माणसाचं ऐकून घेणारं शास्त्र होतं ते! मला इतका संताप आला की मी वहीचं पहिलं पान फाडलं. फाडून काय झालं? काहीही नाही. परीक्षेत त्या प्रकरणावर प्रश्न आला आणि मला चांगले मार्क मिळाले.

बाबा सुटला तेव्हा भात निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या. मी घरीच होते. दुपारी तो वाडीवर न जाता आधी आमच्या अंगणात आला. खंगला होता. ओट्यावर चढला नाही, अंगणाच्या कडेला उकिडवा बसला. आईनं तांब्याभर पाणी नेलं. त्यानं ते घेऊन बाजूला ठेवलं. “येऊ दे त्याला,” तो म्हणाला. “गूळ घेतो, मंग पितो.”

मी काकाच्या घरात गेले. तो माजघरात कणगीच्या आडोशाला बसला होता, दुखणं आल्यासारखा. मी म्हटलं, “काका, बाबा आलाय. ऊठ. एक खडा गुळाचा, एवढंच तर आहे.”

“गूळ म्हणजे काय ठाव हाय ना तुला?” काका म्हणाला. “गूळ दिला म्हणजे मी त्याला माफ केला. ज्यानं नेलीच नाय त्याला मी कुठल्या तोंडानं माफ करू? चूक माझी हाय. त्याच्याकडनं मी गूळ घ्यायला पायजे.”

“मग तसं बाहेर येऊन म्हण.”

“आन तो बोलल, आमचंच चुकलं. तुला म्हायती हाय तो कसा हाय ता. मी काय करू गो?” आणि काका, ज्याच्या आवाजाला आम्ही पोरं लहानपणी चळचळ कापायचो, तो कणगीला डोकं टेकून रडायला लागला.

मी स्वयंपाकघरात गेले, डब्यातून गुळाचा मोठा खडा फोडला आणि अंगणात आले. बाबासमोर बसले. हात पुढे केला. म्हटलं, “बाबा, झालं ते झालं.”

त्यानं माझ्या हातावरच्या गुळाकडे बघितलं आणि हसला. माझी बोटं त्यानं एक एक करून मिटवली, गूळ आतच ठेवून. “तुज्या हातचा नाय चालत गो बाय,” तो अगदी मायेनं म्हणाला. “ज्याचा गेला त्यानंच द्यायचा आसतो. तू कोन त्याच्यात?”

ऊन उतरेपर्यंत तो बसला. मग उठला, वाडीच्या वाटेला लागला. पाणी तसंच होतं. तो बांधापलीकडे गेल्यावर काका बाहेर आला, माझ्या हातातला गूळ घेतला आणि अंगणात उभा राहिला. मी म्हटलं, हाक मार. काकानं हाक मारली नाही, गूळ घेऊन तो आत गेला. त्यानंतर बाबा आमच्या बांधावरून कधी गेला नाही, खालून ओढ्यातून फिरून जायचा. वाटेत कुठे दिसला तर मला विचारायचा, जेवलीस का. मोटार कोणी नेली ते आजतागायत कळलेलं नाही.

मला सनद मिळाली. मुरबाडच्या त्याच कोर्टात काळा कोट घालून उभी राहू लागले, आणि आता मला कोणी खाली बसा म्हणत नाही. पुढे कायदाही बदलला. माल कितीही किमतीचा असो, चोरीचा गुन्हा मालकाला आता तडजोडीनं मिटवता येतो. ते वाचलं त्या रविवारी मी गावी गेले. काका ओट्यावर वाल सोलत बसला होता, बराच म्हातारा झाला होता. मी त्याला वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं.

“म्हणजे ज्याचा गेला तो मिटवू शकतो?”

“हो.”

“सरकार मधी येणार नाय?”

“नाही.”

काका उठला, आत गेला आणि गुळाचा डबा घेऊन बाहेर आला. त्यानं चपलाही घातल्या. मग डबा हातात धरून तो अंगणात तसाच उभा राहिला, वाडीच्या वाटेकडे तोंड करून. बाबाला जाऊन दोन पावसाळे झाले होते, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.